परळच्या गच्चीवरून एक चांद्रमास: भाड्याच्या ६०० मिमी लेन्सचा अनुभव

यंदाच्या थंडीत मी फोर्टमधल्या एका दुकानातून सिग्माची १५०-६०० मिमी कंटेम्पररी ही लांबचे जवळ आणणारी लेन्स महिनाभरासाठी भाड्याने घेतली आणि शुद्ध तृतीयेपासून अमावास्येच्या आदल्या पहाटेपर्यंत, जमेल तितक्या दिवशी, परळच्या आमच्या जुन्या इमारतीच्या गच्चीवरून फक्त चंद्राची छायाचित्रे काढली. लेन्स कशी आहे, मुंबईच्या हवेत तिचा किती उपयोग होतो आणि ती भाड्याने घेताना काय पाहून घ्यावे, हे या परीक्षणात लिहिले आहे. दुकानाचे नाव देत नाही. माझी एक तक्रार आहे, ती पुढे येईलच, पण ती कोणत्याही दुकानात घडू शकेल अशी आहे आणि वाचणाऱ्याने ती सगळ्याच दुकानांसाठी लक्षात ठेवावी असे मला वाटते.

एका चंद्रासाठी महिनाभर लेन्स कशाला, असे दुकानदारानेही विचारले होते, म्हणून कारण आधी सांगते. माझ्या धाकट्या भावाला बायपोलर हा, मन कधी फार उसळण्याचा तर कधी फार खचण्याचा, आजार आहे. हे मी त्याच्या संमतीने लिहीत आहे आणि हा मजकूर माझ्यानंतर सर्वांत आधी त्यानेच वाचला आहे. बारा वर्षांपूर्वी कोजागरीच्या दुसऱ्या दिवशी त्याचा आजार पहिल्यांदा उफाळला. गच्चीवर सगळ्या इमारतीचे दूध आटवले होते, गाणी चालू होती, चंद्र डोक्यावर आला तरी कुणी खाली उतरले नव्हते, आणि सकाळी तो कुणाच्याही आवरण्यापलीकडे गेला होता. तेव्हापासून आई कालनिर्णयच्या पानावर प्रत्येक पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या चौकोनाला लाल पेनाने खूण करते. "अवस-पुनव आहे, त्याला सांभाळा," हे वाक्य आमच्या घरात महिन्यातून दोनदा उच्चारले जाते. चंद्र हा मनाचा कारक, म्हणून त्याच्या करंगळीत मोत्याची अंगठी आली. ठाण्याला १९०१ पासून मनोरुग्णालय आहे, त्यामुळे मुंबईत कुणी जरा वेगळे वागले की "ठाण्याला पोचवा" म्हणण्याची रीतच पडली आहे, आणि तेही त्याने जिन्यात उभे राहून ऐकले आहे. मागच्या दिवाळीत तो मला म्हणाला, "ताई, पुनव आली की सगळे माझ्याकडे बघत बसतात. एकदा त्या चंद्राकडे तरी नीट बघूया." एका अमावास्येपासून दुसऱ्या अमावास्येपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस लागतात. महिन्याचे भाडे त्यासाठी भरले.

बोरा बाझार आणि आसपासच्या गल्ल्यांत कॅमेऱ्यांची दुकाने, दुरुस्तीवाले आणि जुन्या मालाचे व्यापारी एकमेकांना खेटून आहेत, त्यामुळे चार ठिकाणी चौकशी करायला अर्धी दुपार पुरली. मला दिवसाला ९०० रुपये किंवा महिन्याला १४,००० रुपये असा भाव मिळाला. अनामत १५,००० रुपये, आधार कार्डाची प्रत आणि घरच्या विजेचे बिल असे कागद द्यावे लागले. काउंटरवरच्या तरुणाने लेन्स हातात देण्यापूर्वी ती ट्रायपॉडवर कशी चढवायची, झूमचे कुलूप कुठे असते आणि थरथर कमी करणारी यंत्रणा ट्रायपॉडवर असताना का बंद ठेवायची, हे न विचारता दाखवले. गिऱ्हाइकांची रांग असताना त्याने दिलेली ही पंधरा मिनिटे मला पुढे महिनाभर उपयोगी पडली.

लेन्स तपासताना मात्र मी एक चूक केली. मुंबईच्या दमट हवेत लेन्सचा खरा शत्रू म्हणजे बुरशी. काचांच्या मधोमध कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू पसरतात आणि ते बाहेरून पुसून निघत नाहीत. मी मोबाइलची बॅटरी लेन्सच्या एका टोकाकडून आत सोडली आणि दुसऱ्या टोकाने पाहिले, तेव्हा मागच्या बाजूच्या काचेच्या कडेला नखाएवढ्या जागेत पांढरट तंतू दिसले. मी ते दाखवले. "ते फोटोत येत नाही, मॅडम," असे उत्तर मिळाले. दिवसाच्या उजेडात पक्षी किंवा क्रिकेटचा सामना टिपणाऱ्याला ते बहुधा खरेही असेल. मी त्या तंतूंचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला, पण पावतीवर तशी नोंद करून घेतली नाही. ही नोंद प्रत्येकाने हट्टाने करून घ्यावी.

लेन्सचे वजन सुमारे १ किलो ९३० ग्रॅम आहे आणि पुढच्या काचेचा फिल्टर ९५ मिमीचा लागतो. कॅमेरा जोडल्यावर हे सगळे हातात धरून दोन मिनिटांपेक्षा जास्त उभे राहता येत नाही, त्यामुळे भक्कम ट्रायपॉड नसेल तर ही लेन्स घेऊच नये. हलक्या ट्रायपॉडवर ती बसते, पण वाऱ्याची झुळूक आली तरी चंद्र चौकटीत डोलतो. आकाशाकडे तोंड करून उभी केली की लेन्सची नळी स्वतःच्या वजनाने मागे सरकू पाहते आणि ६०० ची ५५० होते, म्हणून झूमचे कुलूप लावायला विसरू नये. आमच्या अक्षांशावर थंडीतली पौर्णिमा जवळजवळ डोक्यावरून जाते, त्यामुळे ऐन मध्यरात्री लेन्स सरळ वर रोखावी लागते आणि गोल माथ्याचा ट्रायपॉड अशा वेळी हळूहळू घसरतो. मी शेवटी सतरंजी अंथरून कॅमेऱ्याखाली उताणी पडून पडदा पाहत असे.

आता चंद्र या लेन्समधून किती मोठा दिसतो, हे पाहू. आकाशात चंद्राची रुंदी साधारण अर्धा अंश असते, म्हणजे हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या निम्मी. लेन्सच्या मिलिमीटरला ११० ने भागले की सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीवर, चंद्र किती मिलिमीटरचा पडतो ते कळते. ६०० ला भागले तर साडेपाच मिलिमीटर आले. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर एपीएस-सी या मध्यम आकाराचा आणि २४ मेगापिक्सेलचा आहे. त्यावर चंद्र सुमारे १,४०० पिक्सेल रुंद येतो आणि चौकटीच्या उंचीचा तिसरा हिस्सा व्यापतो. बाकी सगळे काळे आकाश. पूर्ण चौकट भरणाऱ्या चंद्राची अपेक्षा ठेवणाऱ्याची पहिल्या रात्री निराशा होईल, पण या १,४०० पिक्सेलमध्ये जे सामावते ते फार मोठे आहे. मोबाइलने काढलेल्या चंद्राशी त्याची तुलना मी करणार नाही, कारण काही मोबाइल अस्पष्ट चंद्रावर आपल्याकडचा तपशील चढवतात. २०२३ मध्ये एकाने संगणकाच्या पडद्यावर मुद्दाम धूसर केलेला चंद्र दाखवला, तर मोबाइलने त्यावरही विवरे उमटवली होती. मला, आणि त्याहून भावाला, त्या रात्री तिथे जे होते तेच हवे होते.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी मापे सांगते. पूर्ण चंद्र ही उन्हात पडलेली वस्तू आहे, हे एकदा लक्षात घेतले की अर्धी अडचण सुटते. छायाचित्रकारांचा जुना ठोकताळा असा आहे की लेन्सच्या छिद्राचे माप एफ/११ ठेवावे आणि शटर, म्हणजे प्रकाश आत येण्याचा वेळ, आयएसओच्या (सेन्सरच्या संवेदनशीलतेच्या) आकड्याएवढे ठेवावे, म्हणजे आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा शंभरावा भाग. ही लेन्स मला एफ/८ वर सर्वांत रेखीव वाटली, त्यामुळे मी पौर्णिमेला एफ/८, आयएसओ १०० आणि १/१२५ ते १/२०० या दरम्यान राहिले. हवेत धुरके असले की १/१२५, वारा सुटून आकाश धुतल्यासारखे झाले की १/२००. अष्टमीला मात्र तेवढ्याच मापात चंद्र अंधारा येतो आणि चौपट प्रकाश द्यावा लागतो. ऑटोफोकसवर विसंबू नये. पडद्यावरचे चित्र दहापट मोठे करून, चंद्राच्या उजेड-अंधाराच्या रेषेवरचे एखादे विवर पकडून, हाताने फोकसची कडी फिरवावी. या लेन्सची कडी फार थोड्या अंशांत फिरते, त्यामुळे बोटाचा किंचित दाब चंद्र धूसर करायला पुरतो. एकदा जमले की कडीला कागदी चिकटपट्टी लावून टाकावी. सेकंद-दोन सेकंद मागून शटर उघडणारा टायमरही लावावा.

मुंबईच्या गच्चीचे म्हणून काही वेगळेच अडथळे आहेत. आमच्या इमारतीच्या पलीकडून रेल्वेचे रूळ जातात. फास्ट लोकल गेली की दहापट मोठ्या केलेल्या पडद्यावर चंद्र थरथरू लागतो आणि शेवटचा डबा गेल्यावर पाच-सहा सेकंदांनी शांत होतो. मी गाड्यांच्या मधल्या खिडक्या ओळखायला शिकले. दिवसभर तापलेला स्लॅब आणि पाण्याच्या सिमेंटच्या टाक्या रात्री दहापर्यंत ऊब सोडत असतात, आणि त्या उबेतून पाहिले तर चंद्राची कड ओढ्याच्या तळाच्या खड्यासारखी हलते. टाकीकडे पाठ करून, गच्चीच्या कठड्यापासून दूर उभे राहिल्यावर चित्र निम्म्याने सुधारले. पूर्वेला गिरणीच्या जागेवर उभा राहिलेला मनोरा मात्र टाळता आला नाही. चंद्र त्याच्या मागे गेला की चाळीस मिनिटे हात बांधून बसावे लागे. तृतीयेचा चंद्र पश्चिमेला धुरक्यात इतका खाली होता की त्याचा आकार तेवढा मिळाला. त्याच्या काळ्या भागावर पृथ्वीवरून परतलेला फिकट उजेड असतो, तो टिपायला एक सेकंदाचे शटर द्यावे लागते आणि तेवढ्यात या लेन्सवर चंद्र अकरा पिक्सेल पुढे सरकतो. त्यासाठी सरकत्या ताऱ्यांबरोबर फिरणारे यंत्र हवे. ते माझ्याकडे नव्हते.

षष्ठीपासून लेन्सने आपली किंमत वसूल करून दिली. उजेड आणि अंधार यांच्यामधली जी रेषा चंद्रावर रोज थोडी पश्चिमेकडे सरकते, तिच्यावर सूर्य नुकताच उगवत असतो आणि तिथल्या प्रत्येक उंचवट्याची लांब सावली पडते. षष्ठीला थिओफिलस हे शंभरएक किलोमीटरचे विवर आणि त्याच्या मधोमध उभे डोंगर दिसले. प्रसन्नतेचा समुद्र नावाच्या चंद्रावरच्या काळ्या मैदानात विक्रम साराभाईंच्या नावाचे जेमतेम ८ किलोमीटरचे विवर आहे. हिशोबाने ते माझ्या चित्रात तीन पिक्सेलचे यायला हवे होते. भावाने नकाशा शेजारी ठेवून बेसेल हे मोठे विवर शोधले, तिथून बोट सरकवत नेले आणि तो तीन पिक्सेलचा ठिपका सापडल्यावर मला गच्चीच्या दुसऱ्या टोकाहून हाक मारली. अष्टमीला अ‍ॅपेनाइन्स पर्वताची रांग अंधारात बाहेर आलेली दिसली. पायथा काळोखात आणि माथे उजेडात असल्यामुळे रेषेपलीकडे सुटे प्रकाशाचे ठिपके तरंगत होते.

नवमीची रात्र सर्वांत चांगली गेली. हवा थंड होती, दुपारपासून उत्तरेचा वारा वाहत होता आणि साडेआठच्या सुमारास दोन गाड्यांच्या मध्ये चांगली चार मिनिटे मिळाली. दक्षिणेकडे क्लेवियस हे विवर उघडले होते. त्याची रुंदी सुमारे २३० किलोमीटर आहे, म्हणजे मुंबईहून पुणे गाठून पुढेही बरेच अंतर उरेल. त्याच्या सपाट तळावर एकापुढे एक लहान होत गेलेल्या विवरांची कमान आहे. चित्र पूर्ण मोठे केल्यावर त्यातली चार मला मोजता आली. पाचव्याबद्दल भाऊ आणि मी अजून सहमत नाही. त्याच चित्रात कोपर्निकसच्या भिंतींवरच्या पायऱ्या अर्ध्या उजेडात होत्या. ९३ किलोमीटरच्या या विवराचा तळ अजून काळा होता आणि मधल्या डोंगरांच्या फक्त टोकांवर ऊन पोचले होते. तेवढ्या भागाची चित्रे मी त्या रात्री शंभरावर काढली आणि त्यांतली वीस निवडून संगणकावर एकावर एक रचली, त्यामुळे हवेची थरथर बरीच कमी झाली.

आणि मग पौर्णिमा आली. ज्या रात्रीला आमचे घर बारा वर्षे भ्यालेले आहे, त्या रात्री या लेन्समधून सर्वांत कमी दिसले. सूर्य आपल्या पाठीमागून चंद्रावर सरळ पडत असल्यामुळे सावल्याच उरत नाहीत. क्लेवियस शोधावे लागले. कोपर्निकस पांढऱ्या डागासारखे झाले. टायको विवरातून निघालेले लांबच लांब पट्टे तेवढे उठून दिसतात आणि काळ्या मैदानांचा मिळून तो आपला ससा होतो. प्रकाश मात्र अफाट असतो. अर्ध्या चंद्राच्या दुप्पट उजेड पूर्ण चंद्राने द्यावा असे वाटेल, पण तो सुमारे दहापट असतो, कारण सावल्या नाहीशा होतात आणि चंद्रावरची धूळ आलेला प्रकाश आल्या दिशेने जास्त परतवते. खरे तर चंद्राची जमीन झिजलेल्या डांबरी रस्त्याइतकी काळपट आहे. पडलेल्या प्रकाशातला जेमतेम आठवा हिस्सा ती परत पाठवते. काळ्या आकाशासमोर ती दुधासारखी दिसते.

लेन्सचा दोषही त्याच रात्री उघड झाला. चित्रात चंद्राभोवती फिकट, एका बाजूला जाड असे खळे आले. आईने पडदा पाहून, "खळं पडलंय, पाऊस येणार," असे म्हटले. मी वर पाहिले तर आकाशात ढगाची पुसटशी रेघही नव्हती. शिवाय ढगातल्या हिमकणांमुळे पडणारे खळे चंद्रापासून २२ अंशांवर असते आणि माझी चौकटच सव्वादोन अंश रुंद, म्हणजे खरे खळे तिच्यात येणे शक्य नव्हते. ट्रायपॉडच्या कड्यातून कॅमेरा आणि लेन्स एकत्र वळवून पाहिले तर खळ्याची जाड बाजूही त्यांच्याबरोबर वळली. तो त्या तंतूंवर विखुरलेला उजेड होता. दुसऱ्या दिवशी दुकानात फोन केला तेव्हा दुसरा नग शिल्लक नाही असे सांगण्यात आले, म्हणून उरलेला महिना मी त्याच लेन्सवर काढला.

त्या पौर्णिमेला भाऊ साडेदहाला झोपला. हे मी खात्रीने सांगते, कारण महिनाभर आम्ही दुसरीही एक नोंद ठेवत होतो. त्याच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले होते की कोजागरीच्या आधी हा किती रात्री झोपलेला नाही. आम्ही बोटे मोजली तेव्हा तीन रात्री निघाल्या. नवरात्रातल्या मंडळाचा हिशोब आवरण्यात दोन गेल्या होत्या आणि तिसरी कोजागरीची. सलग जागरणाने या आजारातली उसळी सुरू होऊ शकते हे वैद्यकात नीट माहीत आहे, आणि कोजागरी हा तर जागे राहण्याचाच सण. को जागर्ति, कोण जागे आहे, असे विचारत लक्ष्मी फिरते अशी त्यामागची कथा. चंद्राला दोष देताना आम्ही त्याच्याखाली काय करत होतो ते विसरलो होतो. म्हणून या महिन्यात संध्याकाळचा चंद्र आम्ही दोघांनी मिळून पाहिला आणि साडेनऊला तो खाली उतरला. मध्यरात्रीनंतरचा चंद्र माझ्या एकटीचा होता.

मन आणि चंद्र यांची गाठ आपल्याकडे फार जुनी आहे. पुरुषसूक्तात 'चन्द्रमा मनसो जातः' असे म्हटले आहे, चंद्र मनातून जन्मला. इंग्रजांकडे ही गाठ कायद्यात शिरली. वेड्यासाठीचा त्यांचा ल्युनॅटिक हा शब्द लॅटिनमधल्या चंद्रावरूनच आला, आणि तो भारतात १८५८ च्या कायद्यात आणि पुढे १९१२ च्या ल्युनसी कायद्यात राहिला. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो आपल्याकडून गेला. अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यांतून तो २०१२ मध्ये काढला गेला. समुद्राला भरती येते तशी शरीरातल्या पाण्यालाही येत असेल, हे आमच्या घरात हमखास ऐकू येणारे स्पष्टीकरण. पण मोठी भरती अमावास्येलाही तितकीच येते हे गिरगाव किंवा दादरच्या चौपाटीवर राहणाऱ्याला सांगायला नको, आणि माणसाएवढ्या लहान शरीरावर ते ओढणे नगण्य असते.

अभ्यासकांनीही हा प्रश्न सोडलेला नाही. जेम्स रॉटन आणि आयव्हन केली यांनी १९८५ मध्ये ३७ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा रुग्णालयातले दाखले, गुन्हे आणि तत्सम गोष्टींतल्या चढउतारांपैकी एक टक्काही चंद्राच्या नावे मांडता आला नाही. ते वाचून मी भावाला सांगितले की विषय संपला. तसा तो संपलेला नव्हता. २०१३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या झोपेच्या प्रयोगशाळेतल्या ३३ जणांच्या जुन्या नोंदी पुन्हा पाहिल्या गेल्या, आणि चंद्र न दिसणाऱ्या खोलीत झोपूनही पौर्णिमेच्या आसपास त्यांची झोप सरासरी वीस मिनिटांनी कमी भरली होती. अर्जेंटिनातल्या तोबा-कोम या आदिवासी लोकांच्या मनगटावर यंत्रे बांधून केलेला अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यात पौर्णिमेच्या आधीच्या रात्री लोक उशिरा आणि कमी झोपत होते. थॉमस वेर या अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांनी तर झपाट्याने पालटणाऱ्या बायपोलरच्या १७ रुग्णांत मनाचे चढउतार चंद्राच्या चक्राशी जुळताना पाहिले. सतरा माणसांवरून सगळ्यांबद्दल बोलता येत नाही, पण ती सतरा माणसे खोटीही नाहीत. मला सर्वांत पटलेला विचार १९९९ मध्ये मांडला गेला: दिवे नव्हते तेव्हा पूर्ण चंद्र हा रात्रीचा एकमेव मोठा दिवा होता, त्याने झोप मोडायची, आणि मोडलेल्या झोपेने आजार उसळायचा. पूर्ण चंद्राचा उजेड एक लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) तिसऱ्या हिश्शाइतकासुद्धा क्वचितच भरतो. आमच्या खोलीतली ट्यूबलाइट त्याच्या शेकडो पट देते.

एका घराच्या एका महिन्याच्या वहीवरून काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. वहीत आहे ते इतकेच. भावाच्या दोन रात्री वाईट गेल्या. एक शुद्ध एकादशीची, वरच्या मजल्यावर उशिरापर्यंत फरशी बदलण्याचे काम चालले होते. दुसरी वद्य षष्ठीची, समोरच्या मैदानात लग्नाचा बेंजो बारापर्यंत वाजत होता. पौर्णिमेच्या ओळीत त्याच्या अक्षरात लिहिले आहे: "१०.३० ते ६.१५. मध्ये एकदा पाण्याला उठलो. २ वाजले होते. आई दारात उभी."

मागचा अर्धा महिना मी थोडक्यात सांगते. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटांनी उशिरा उगवतो, त्यामुळे वद्य सप्तमी-अष्टमीच्या सुमारास तो पहाटे पाच-साडेपाचला माथ्यावर मिळतो. रात्रभर निवलेला स्लॅब, विरळ गाड्या आणि थंड हवा यांमुळे या पहाटेच्या चित्रांची कड संध्याकाळपेक्षा स्पष्ट आली. ज्यांना सकाळी लवकर उठणे जमते त्यांनी वद्य पक्ष सोडू नये. चंद्रावर ऊन आता दुसऱ्या बाजूने येत असल्यामुळे सावल्या उलट्या दिशेने पडतात आणि तीच विवरे अनोळखी दिसतात. त्रयोदशीनंतर मनोरा आणि धुरके यांनी काहीच हाती लागू दिले नाही.

लेन्स परत केली तेव्हा दुसऱ्या माणसाने ती तपासली, बुरशी आमच्या घरी लागली असे सांगितले आणि अनामतीतून २,५०० रुपये कापले. मी पहिल्या दिवशीचा फोटो तारखेसह दाखवला, लेन्स महिनाभर सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवली होती तेही सांगितले. दहा दिवसांनी आणि दोन फेऱ्यांनंतर पूर्ण रक्कम परत मिळाली. काउंटरवरच्या त्या तरुणाने मधे पडून मला लेन्स देताना तंतू पाहिल्याचे कबूल केले, म्हणूनच ती मिळाली असे मला वाटते.

लेन्स म्हणून मी तिची शिफारस करते. स्वच्छ नग मिळाला तर एवढ्या भाड्यात चंद्राच्या इतक्या जवळ नेणारे दुसरे साधन मला माहीत नाही. महिन्याचे भाडे मात्र पुन्हा भरणार नाही आणि पौर्णिमेचे तर नाहीच. चंद्रासाठी घ्यायची असेल तर शुद्ध षष्ठी ते एकादशी असे सहा दिवस घ्यावेत, ऑक्टोबर उलटून हवा कोरडी झाल्यावर, आणि चंद्र आकाशात वर चढल्यावरच कॅमेरा उघडावा. पुढच्या महिन्यासाठी मी त्याच दुकानात दुसऱ्या नगाची सहा दिवसांची नोंदणी केली आहे, आणि यावेळी काचा तपासल्याचे पावतीवर लिहून घेणार आहे. नवमीचे क्लेवियस छापून भिंतीवर कॅलेंडरच्या शेजारी लावले आहे. आईने पुढच्या पानावर ते सहाही चौकोन भावाकडून विचारून निळ्या पेनाने भरले आहेत. पौर्णिमेची लाल खूण तिने अजून सोडलेली नाही.